वीस ते सव्वीस

माझ्या ताईला प्रश्नपत्रिकेचा वास यायचा. हे मी कौतुकाने सांगतेय की चिडून, ते आता माझं मलाच कळेनासं झालंय. चौतीस वर्षं तिने घरातल्या पुढच्या खोलीत मुलांना गणित शिकवलं. सहा बाकं, एक पांढरा फळा, कुरकुरणारा पंखा आणि दाराशी बुटांचा ढीग. तिच्याकडे हुशार मुलं येत होती असं अजिबात नाही. शाळेने हात टेकलेली, घरच्यांनी आशा सोडलेली मुलं लोक तिच्याकडे आणून सोडायचे. ती मागच्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका समोर पसरायची, पेपर काढणाऱ्याच्या मनात यंदा काय शिजतंय ते ओळखायची आणि मुलाकडून नेमकं तेवढंच घोटून घ्यायची. मूल पास व्हायचं. गणित आलं की नाही, हा प्रश्न वेगळा. मी एकदा तसं तोंडावर बोलले, तर म्हणाली, "माझ्याकडे येतात ती घाबरलेली पोरं. आधी त्यांना पलीकडे पोचवू दे. गणित काय, आयुष्यभर पडलंय."

सगळा भाग तिला बाई म्हणतो. मी तिची धाकटी बहीण. दस्तनोंदणीच्या कचेरीत खिडकीमागे बसते, लग्नाच्या भानगडीत पडले नाही आणि तिच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहते. मी तिरसट आहे यावर घरीदारी सगळ्यांचं एकमत आहे. एकटे भाऊजी म्हणायचे, "मेहुणीबाई तिरसट नाहीत हो. काटा नाजूक आहे त्यांचा, जरा वारा लागला की हलतो."

भाऊजी काटेवाले. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं चिंचोळं दुकान होतं, तिथे ते वजनकाटे दुरुस्त करायचे. सोनाराचा काचेच्या पेटीतला काटा, औषधाच्या दुकानातली छोटी तागडी, धान्यवाल्याचा जमिनीवरचा दांडगा काटा, सगळं त्यांच्याकडे यायचं. लोखंडी वजनाच्या बुडाशी एक भोक असतं आणि त्यात शिसं भरून किंवा त्यातलं खरवडून वजन बरोबर करतात, हे मला त्यांच्यामुळे कळलं. एकदा एक व्यापारी येऊन हळूच म्हणाला, काटा जरा माझ्या बाजूने ठेवा. भाऊजींनी त्याचा काटा उचलला आणि दुकानाबाहेर पायरीवर नेऊन ठेवला. एरवी हा माणूस इतका मवाळ की ताई त्यांच्यावर ओरडायला लागली तर हे उठून पंखा लावायचे, तिला उकडत असेल म्हणून.

अशा माणसाने एका किराणावाल्याच्या एक किलोच्या वजनात दोनदा शिसं भरलं. सकाळी भरलं आणि दुपारी पुन्हा. किराणावाला आठवड्याने ते वजन घेऊन परत आला तेव्हा हसत होता. "अहो, आठवडाभर मी लोकांना जास्तीचं वाटतोय!" भाऊजी हसले नाहीत. ते वजन त्यांनी स्वतःच्या काट्यावर चार वेळा ठेवून पाहिलं. घरी आल्यावर ताईला म्हणाले, "अगं, माझ्यात काहीतरी बिघडलंय." तेव्हा ते एकसष्ट वर्षांचे होते.

मग सुरू झाल्या रुग्णालयाच्या खेपा. मेंदूच्या आजारांचा विभाग तिसऱ्या मजल्यावर होता. तिथल्या डॉक्टर तरुण होत्या, चष्मा डोक्यावर सरकवून बोलायच्या आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघायच्या. रक्त झालं, मेंदूचे फोटो झाले, पाठीच्या कण्यातलं पाणी काढून झालं. एक तोंडी चाचणीही झाली. चाचणी घेणारे गृहस्थ मधल्या वयाचे, अगदी हळू आवाजाचे. त्यांनी भाऊजींना पाच शब्द सांगितले आणि पाच मिनिटांनी परत विचारले. घड्याळाचं चित्र काढायला लावलं. शंभरातून सात, मग त्यातून सात, असं वजा करायला लावलं. तारीख, वार, इमारतीचा मजला विचारला. ताई मागच्या खुर्चीत बसली होती. मी दाराशी होते. मला वाटलं ती घाबरून गप्प झालीय. बाहेर आल्यावर तिने पर्समधून वही काढली आणि अख्खा पेपर पहिल्या प्रश्नापासून शेवटच्या प्रश्नापर्यंत उतरवून काढला.

भाऊजींना तिसापैकी तेवीस गुण पडले होते.

डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता रोगाचं नाव सांगितलं. भाऊजींनी मान डोलावली, एखाद्या गिऱ्हाइकाची तक्रार ऐकावी तशी. मग डॉक्टर म्हणाल्या, "सध्या ज्या गोळ्या मिळतात त्या रोगाला हात लावत नाहीत. मेंदूतल्या उरलेल्या पेशींना त्या जरा मोठ्याने बोलायला लावतात, एवढंच. नवीन औषधांवर मात्र काम चाललंय. या आजारात मेंदूत एक प्रथिन साचून त्याची ढेकळं होतात. ती ढेकळं काढून टाकणारं एक औषध आहे, महिन्यातून एकदा शिरेतून द्यायचं. मेंदूची सूज उतरवणारं दुसरं एक आहे, ते वरच्या मजल्यावर डोक्याला मार लागलेल्या पेशंटवर तपासतायत. यातलं कुठलंच औषध गेलेलं परत आणत नाही. उतार कमी करतं, आणि तेही सगळ्यांचा नाही."

"किती जणांचा?" ताईने विचारलं. आकड्याशिवाय तिचं चालत नाही.

"आतापर्यंतच्या छोट्या अभ्यासात तिघांतल्या एकाचा. ढेकळं काढणाऱ्या औषधाचा आता मोठा अभ्यास सुरू होतोय. त्यात निम्म्यांना खरं औषध देतात आणि निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय मिळतंय ते आम्हालाही माहीत नसतं. तुमची तयारी असेल तर यांचं नाव घालू. तीन आठवड्यांनी निवड चाचणी आहे. या अभ्यासाला आजार सुरुवातीच्या टप्प्यात असलेलीच माणसं हवीयत, फार पुढे गेलेली घेत नाहीत."

निवड हा शब्द ऐकला आणि ताईच्या पाठीचा कणा ताठ झाला. मला तिची ती बसण्याची पद्धत ठाऊक होती. एखाद्या मुलाचे आईबाप रडत येऊन बसायचे तेव्हा ती अशीच बसायची. सुरुवातीच्या टप्प्यातली माणसं हवीत, म्हणजे डोकं शाबूत असलेली हवीत. म्हणजे गुण जितके जास्त तितकं बरं. तिचा हिशेब अगदी सरळ होता. मलाही तो बरोबर वाटला, हे आधीच कबूल करते.

डॉक्टरांनी संमतीपत्र दिलं, बावीस पानांचं. ते वाचायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात कागदांची अक्कल मला. एकवीस वर्षं मी दस्तऐवज बघतेय. दस्तऐवज मी कसा बघते? सह्या कुठे, साक्षीदार कुठे, तारीख कुठे, पानांवर क्रमांक आहेत का. मजकूर वाचायचा नाही, तो पक्षकारांचा प्रश्न, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. त्या सवयीने मी बावीस पानं उलटली, औषधाने मेंदूत सूज येऊ शकते तो परिच्छेद मात्र दोनदा वाचला, बाकी सह्यांच्या जागी पेन्सिलने फुल्या केल्या आणि सगळं ठीक आहे म्हणून ताईला दिलं.

दुसऱ्या दिवसापासून भाऊजी पहिल्या बाकावर. मुलं गेल्यावर त्यांचा तास. बाक लहान मुलांच्या मापाचं, त्यांचे गुडघे वर यायचे. ताईने पाच शब्दांची गोष्ट रचली. शब्द होते छत्री, लिंबू, पूल, गालिचा, शिट्टी. "एक माणूस छत्री घेऊन निघाला. छत्रीत लिंबू. तो पुलावर आला, गालिचा अंथरून बसला आणि त्याने शिट्टी वाजवली. म्हणा."

"छत्रीत लिंबू कशाला?" भाऊजींनी विचारलं.

"अहो, लक्षात राहायला!"

"माझ्या लक्षात लिंबू राहील, पण तो माणूस वेडा होता हेच जास्त राहील."

आम्ही तिघंही हसलो. त्या तीन आठवड्यांत आम्ही खूप हसलो, हे सांगायला हवं. घड्याळ तर भाऊजी असं काढायला लागले की त्याच्या काट्यांना टोकं सुद्धा असायची. वजाबाकी त्यांना मुळातच यायची. तारीख आणि वार मात्र सटकायचे. त्यासाठी ताई रोज सकाळी चहाचा कप हातात द्यायच्या आधी विचारायची, आणि उत्तर आल्याशिवाय कप सोडायची नाही.

एकदा ते मध्येच थांबले आणि म्हणाले, "अगं, पण हे चालतं का? पेपर आधी माहीत असणं?"

ताई म्हणाली, "तुम्ही काय नोकरीला चाललाय? औषधाला चाललाय. औषधासाठी सगळं चालतं."

त्यांनी थोडा विचार केला आणि पुन्हा छत्री काढली. निवडीच्या दिवशी टॅक्सीत मी स्वतः त्यांच्याकडून दोनदा पाठ म्हणून घेतला. जिन्यात ताईने हळूच सांगितलं, "तिसरा मजला, बरं का. तिसरा." भाऊजी म्हणाले, "पायांना कळतंय ते."

या खेपेला आम्हाला आत बसू दिलं नाही. आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर. चाळीस मिनिटांनी भाऊजी आले ते अंगठा वर करूनच. मागोमाग ते हळू आवाजाचे गृहस्थ आले आणि त्यांनी आम्हा दोघींना जरा बाजूला बोलावलं. ताईचा चेहरा निकालाच्या दिवशी असतो तसा झाला होता.

"सत्तावीस," ते म्हणाले.

ताईने माझा हात इतक्या जोरात दाबला की अंगठी रुतली.

"त्यामुळे," ते पुढे म्हणाले, "त्यांना अभ्यासात घेता येणार नाही. मर्यादा वीस ते सव्वीस आहे. नवव्या पानावर दिलंय. ज्यांना अजून फारसा त्रास नाही, त्यांच्यात औषधाने काही फरक पडला की नाही ते मोजताच येत नाही. खरं तर ही चांगलीच बातमी आहे."

मी पिशवीतून संमतीपत्र काढलं. नववं पान. तळाशी माझी पेन्सिलची फुली होती, आणि तिच्या बरोबर वर, दोन ओळींवर, ठळक अक्षरात लिहिलं होतं, वीस ते सव्वीस. ताईने ते पान बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

मीच तिला ढकललं. म्हटलं, खरं सांगून टाकू. आम्ही डॉक्टरांच्या खोलीत गेलो आणि ताईने सगळं सांगितलं. वही दाखवली. चौतीस वर्षं लोकांच्या पोरांना धाक घालणारी माझी बहीण मुलीच्या वयाच्या त्या डॉक्टरसमोर उभी राहून सांगत होती, "मी त्यांच्याकडून घोकून घेतलं. त्यांचे खरे गुण तेवीसच आहेत. तुम्ही तेवीस लिहा."

डॉक्टरांनी चष्मा खाली घेतला. त्यांना वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. पण नोंद झालीय. ती आता मला बदलता येत नाही. सहा महिन्यांनी परत एकदा चाचणी घेता येते, तोवर भरती चालू असेल. आणि तेव्हा प्रश्नपत्रिका दुसरी असेल, हे तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते."

नोंद झालीय, आता बदलता येत नाही. हे वाक्य मी माझ्या खिडकीतून आजवर किती जणांच्या तोंडावर फेकलं असेल, त्याला गणती नाही. पलीकडून ऐकायला ते कसं लागतं हे मला त्या दिवशी कळलं.

भाऊजींना यातलं काही माहीत नव्हतं. ते बाहेर बसून बुटाची नाडी बांधत होते. परतीच्या वाटेवर ताई खिडकीबाहेर बघत राहिली, म्हणून मीच त्यांना सांगितलं की या खेपेला जमलं नाही, गुण जास्त पडले. त्यांनी त्याचा अर्थ त्यांना सुचेल तसा लावला. संध्याकाळपर्यंत शेजारी, किराणावाला, इस्त्रीवाला, सगळ्यांना कळलं होतं की काटेवाल्यांना मोठ्या रुग्णालयात तिसापैकी सत्तावीस पडले आणि त्यांना औषधाची गरजच नाही असं डॉक्टर म्हणाले. "सगळं हिच्यामुळे," ते ताईकडे बोट दाखवून सांगायचे. "हिने तयारी करून घेतली." लोक ताईचं कौतुक करायचे. ती मान खाली घालून आत जायची.

पुढचे सहा महिने त्या घरात जे चाललं त्याला काय म्हणावं ते मला अजून सुचत नाही. आता एक गुण कमी व्हायला हवा होता. निदान एक, फार तर सात. ज्या बाईने आयुष्यात एका मुलाचा अर्धा गुण जाऊ दिला नाही, ती नवऱ्याचा एक गुण जाण्याची वाट बघत होती. तिने सकाळचं तारीख विचारणं बंद केलं. भिंतीवरची दिनदर्शिका काढून कपाटात ठेवली. भाऊजी स्वतःहून बाकावर जाऊन बसायचे, "घे ना माझा तास," म्हणायचे, आणि ती म्हणायची, "आज मला बरं नाही." ते छत्री, लिंबू, पूल आपलं आपणच म्हणत बसायचे. ती दुसऱ्या खोलीत कानावर हात ठेवून बसायची.

मी चिडले. म्हटलं, "अगं, डॉक्टरांनी डोकं चालतं ठेवा म्हणून सांगितलंय आणि तू त्यांना वार सुद्धा सांगत नाहीस?"

"वार सांगितला आणि परत सत्तावीस पडले तर?" ती म्हणाली. "तू घेशील जबाबदारी? तू?"

नवव्या पानानंतर मला जबाबदारीवर बोलायला तोंड नव्हतं. भाऊजी मधल्या काळात दुकानाची किल्ली दोनदा हरवून आले आणि एका सोनाराचा काटा दुसऱ्याला देऊन आले, तेव्हा आम्ही दुकान बंद केलं. ताई प्रत्येक चूक वहीत लिहायची आणि मनाशी गुण मांडायची. "पंचवीस असतील आता," ती मला सांगायची. नंतर "चोवीस." तिच्या आवाजात दिलासाही असायचा आणि रडूही, आणि मला तिच्याकडे बघवायचं नाही.

सहा महिन्यांनी आम्ही परत त्याच बाकावर बसलो. या खेपेला जिन्यात कुणी काही सांगितलं नाही. भाऊजींना मजला विचारला असता तर, मला वाटतं, त्यांच्या पायांनाही कळलं नसतं. ते बाहेर आले तेव्हा अंगठा वर नव्हता, पण खुशीत होते. ते गृहस्थ आले आणि या वेळी त्यांनी आम्हाला बाजूला बोलावलं नाही, शेजारीच बसले.

"अठरा," ते म्हणाले.

ताईने विचारलं, "कुठे गेले?" पोरांचा पेपर हातात घेतल्यावर ती पहिल्यांदा हेच विचारायची. गुण कुठे गेले?

"तारीख, वार, मजला. घड्याळ छान काढलं. पण पाच शब्दांत एकही नाही. म्हणजे त्यांनी पाच शब्द सांगितले, न अडखळता सांगितले, पण आम्ही दिलेले नव्हते ते. छत्री, लिंबू..."

"पूल, गालिचा, शिट्टी," ताई म्हणाली.

त्यांनी मान हलवली. दोन शब्द बरोबर आले असते तर वीस झाले असते. हे त्यांनी सांगितलं नाही. ताईने ते तिथल्या तिथे मांडलं आणि मीही मांडलं, आणि आम्ही एकमेकींकडे बघायचं टाळलं.

डॉक्टरांनी आम्हाला बसवून समजावलं. काहींचा उतार असा अचानक वाढतो. दिनदर्शिका काढल्याने कुणाचा मेंदू झिजत नाही. स्वतःला दोष देऊ नका. शिवाय अभ्यासात नाव लागलं असतं तरी खरं औषध मिळालं असतंच असं नाही, आणि मिळालं असतं तरी लागू पडलं असतंच असं नाही. ताईने सगळं ऐकून घेतलं. घरी येऊन फळ्यासमोर उभी राहिली आणि बोटाने हवेत मांडलं. निम्म्यांना औषध, त्यातल्या तिसऱ्या हिश्श्याला उपयोग.

"सहात एक," ती म्हणाली.

"बघ, म्हणजे तसंही फार नव्हतंच," मी म्हटलं. समजूत घालायला गेले आणि तोंडावर पडले.

"सहात एक म्हणजे शून्य नाही," ती म्हणाली. "शून्य मी केलं."

पुढच्या एका रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे होते. भाऊजी टेबलाशी बसून औषधवाल्याची जुनी तागडी पुसत होते, ती त्यांनी दुकानातून घरी आणली होती. ताई हात पुसत बाहेर आली, त्यांच्या समोरची खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "अहो, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय." मला तिने आधी काही कल्पना दिली नव्हती. तिने सगळं सांगितलं. पेपर उतरवून घेतला इथपासून ते वीस ते सव्वीस, सत्तावीस, दिनदर्शिका, अठरा. कुठे गाळलं नाही, कुठे मऊ केलं नाही. शेवटी म्हणाली, "तुमचं औषध मी घालवलं."

भाऊजींना सगळं कळलं. त्या दिवशी त्यांचं डोकं स्वच्छ होतं. त्यांनी फडकं खाली ठेवलं आणि तागडीकडे बघितलं.

"तू काट्यावर बोट ठेवलंस," ते म्हणाले. "माझ्या काट्यावर."

तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी मध्ये पडले, "भाऊजी, चूक माझीही आहे, मी ते पान..."

"तुम्ही गप्प बसा!" ते म्हणाले. आमच्या अठ्ठावीस वर्षांच्या नात्यात पहिल्यांदा. मग ते उठले, खुर्ची भिंतीकडे वळवली आणि आमच्याकडे पाठ करून बसले. त्यांचे खांदे हलत होते. ते रागाने थरथरत होते की रडत होते ते मला पुढे जाऊन बघायचा धीर झाला नाही. ताईने ताट वाढलं, त्यांनी हात लावला नाही. आणि ताई? ताई शांत होती. गेल्या वर्षभरात मी तिला इतकं शांत बघितलं नव्हतं. ती जमिनीवर त्यांच्या खुर्चीमागे बसून राहिली, वर्गाबाहेर उभं केलेल्या मुलासारखी, आणि मला वाटलं, चला, आता हे रागावतील, आठवडाभर बोलणार नाहीत, मग एक दिवस उठून पंखा लावतील. या घरात भांडण मिटायचं ते असंच.

पाचच्या सुमाराला भाऊजी उठले, तोंड धुऊन आले आणि पुसता पुसता म्हणाले, "अगं, खाली का बसलीस? आज मुलं यायची नाहीत का?" गार झालेलं ताट बघून म्हणाले, "हे कुणाचं? जेवली नाहीस तू?" आणि तिच्यासाठी ताट गरम करायला स्वयंपाकघरात गेले.

ताईला ते सहन झालं नाही. पुढच्या आठवड्यात तिने पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच, तीच तागडी, तेच वाक्य, तीच पाठ. दोन तासांत पुसून गेलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मी तिथे नव्हते. तिसऱ्या वेळी ते खरोखरच रडले, असं तिने मला सांगितलं. "मी आता बरा होणार नाही का गं?" असं विचारलं त्यांनी, जसं काही ही बातमी त्यांना जगात पहिल्यांदाच कळत होती. आणि पहिल्यांदाच कळत होती.

"आता नाही सांगणार," ताई म्हणाली. आम्ही पुढच्या खोलीत बसलो होतो, मुलांच्या बाकांवर, समोरासमोर. आतून भाऊजी काहीतरी गुणगुणत असल्याचा आवाज येत होता. "माझं मन हलकं व्हावं म्हणून मी त्यांना दर आठवड्याला नव्याने मारू का? त्यांना तर दर वेळी तेवढंच लागतं. जुनं होतच नाही."

"त्यांनी माफ केलंय तुला, ताई," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"नाही ना केलं," ती म्हणाली. "तेच तर सांगतेय तुला. ते रागावतात, आणि माफ करायची वेळ यायच्या आधीच विसरतात."